उजवा पुढचा पाय, मधली फट

पुण्यातल्या दादाला व्हॉट्सॲपवर मी आमच्या तर्री कुत्रीच्या पायाचे फोटो पाठवत गेले ते निव्वळ कटकट म्हणून. खाली ‘बघ, पुन्हा’ एवढंच लिहायचं. पुढे ऑपरेशनचं ठरलं ते त्याच फोटोंवरून.

पहिला फोटो १२ नोव्हेंबरचा. उजवा पुढचा पाय, मधल्या दोन बोटांच्या फटीत चिंचोक्याएवढा लाल फोड, भोवतीचे केस चाटून चाटून ओले झालेले. तर्री सहा वर्षांची, १८ किलोची, अस्सल गावठी. रंग पोह्यांवर ओततात त्या तर्रीचा, म्हणून नाव तर्री. नागपुरात, त्रिमूर्तीनगरात घरासमोरच्या नालीत सापडली तेव्हा माझ्या एका चपलेत मावत होती. तिला पहाटे फिरवायचं काम बाबांचं. बाबांना मधुमेह आहे. २०१६ मध्ये त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हापासून ते एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, जाड चप्पल घालतात आणि रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून त्यात दोन्ही तळवे पाहतात, कुठे भेग नाही ना, टोचलं नाही ना. हे सांगते आहे कारण आमच्या घरात ‘बोट’ या शब्दाला त्या वर्षापासून एक वजन आहे.

तर नोव्हेंबरात आम्ही घरचाच उपाय केला. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, कोरडा करायचा, हळद. पाचव्या दिवशी फोड फुटला, थोडा पू आणि रक्त आलं, आठवड्यात सगळं सपाट. शेजारच्या काकूंनी दुखण्यावरची माणसांची गोळी अर्धी करून द्यायला सांगितलं होतं. ती दिली नाही हे बरं झालं. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात, हे मला नंतर कळलं.

दुसरा फोटो १९ डिसेंबरचा. तीच फट. या वेळी घराजवळच्या दवाखान्यात नेलं. सात दिवस अँटिबायोटिक, तीन दिवस सूज उतरायची गोळी. तिसऱ्याच दिवशी तर्री जिने चढायला लागली. जानेवारीत पुन्हा. पुन्हा तेच औषध, या वेळी चौदा दिवस, शिवाय एक्सरे. हाडं साफ, आत काही दिसत नाही. ‘काही नाहीये’ हे ऐकून आम्ही इतके खूश झालो की येताना गोकुळपेठेतून अर्धा किलो संत्रा बर्फी घेतली. एक्सरेत ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत किती अंतर आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

फेब्रुवारीत चौथ्यांदा सूज आली तेव्हा आम्ही दवाखाना बदलला. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, ॲलर्जी. खाण्यातलं चिकन बंद करा, दोन महिने एकच वेगळं खाणं द्या, पाय औषधी शाम्पूने धुवा. त्यांना मी दोष देत नाही, कुत्र्यांच्या बोटांत वारंवार फोड येण्यामागे बहुतेक वेळा ॲलर्जीच असते म्हणतात. पण ॲलर्जीने सहसा एकापेक्षा जास्त पाय खाजतात. आमच्या तर्रीचे तीन पाय ठणठणीत आणि एकाच पायाची एकच फट सुजत होती. हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी काय विचारलं? ‘पनीर चालेल का?’

आईने इमानेइतबारे भोपळा आणि भात शिजवला. तर्री आईकडे अशी पाहायची, जसं काही जेवण नव्हे, निकाल वाढला आहे. दूधवाले भाऊ म्हणाले, हिंग बांधा. कामाच्या ताई म्हणाल्या, नजर आहे, मीठमोहरी ओवाळा. आईने ओवाळली. त्याच आठवड्यात सूज उतरली, मग काय, श्रेय मोहरीला. खरं तर त्या आठवड्यात अँटिबायोटिकही चालूच होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाचव्यांदा. ऑफिसातल्या एकीच्या सांगण्यावरून तिसऱ्या डॉक्टरकडे गेलो. या मॅडम शस्त्रक्रियावाल्या. त्यांनी पायाकडे बघायच्या आधी विचारलं, “आतापर्यंत किती वेळा, आणि दर वेळी कुठे?”

मी म्हटलं, तिथेच.

“तिथेच म्हणजे?”

मग फोन काढून दादाला पाठवलेले फोटो दाखवले. त्यांनी फोन टेबलावर आडवा ठेवला आणि एकामागून एक फोटो सरकवत पाचही पुन्हा पुन्हा पाहिले. नंतर बोट ठेवून दाखवलं. नोव्हेंबरात फोडाचं तोंड फटीच्या अगदी खाली होतं, पंजाच्या गादीजवळ. डिसेंबरात थोडं वर. जानेवारीत आणखी वर. मार्चमध्ये ते पंजाच्या वरच्या बाजूला आलं होतं, जवळजवळ दीड इंच सरकून. चार महिने मी रोज तो पाय हातात धरत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

“आत काहीतरी आहे, आणि ते चाललंय,” मॅडम म्हणाल्या. सुन्न करायचं औषध टोचून त्यांनी बोथट टोकाची बारीक सळई त्या तोंडातून आत घातली. तर्रीचं डोकं माझ्या काखेत होतं. सळई जात राहिली. मला वाटलं होतं नखभर जाईल. ती तीन सेंटिमीटर गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला गुलाबी पाणी होतं, वास नव्हता.

त्यांचा संशय गवताच्या कुसळावर होता. मराठी माणसाला कुसळ ठाऊक असतं ते दुसऱ्याच्या डोळ्यातलं, म्हणीतलं. मलाही तेवढंच. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, “थांब, दाखवतो.” ते चप्पल घालून मागच्या खुल्या प्लॉटवर गेले, कुंपणाला अडकलेली दोन वाळकी कुसळं घेऊन आले. एक माझ्या हातावर ठेवलं. टोकाला सुईसारखं कडक बी, त्यावर मागे वळलेली सोनेरी लव, आणि पाठीमागे पिळाच्या तारेसारखं लांब शेपूट. बोटाने पुढे लोटलं तर सरसर जातं, मागे ओढलं तर कातडीला धरतं. मग बाबांनी दुसरं कुसळ वाटीतल्या पाण्यात बुडवून ताटलीत ठेवलं. दोन-तीन सेकंद काही नाही. नंतर ते शेपूट आपोआप उलगडायला लागलं, आणि सगळं कुसळ ताटलीत गरगर फिरलं.

“आमच्या काटोलकडे पोट्टे हाच खेळ खेळत,” बाबा म्हणाले. “पाऊस पडला की हे असं फिरून जमिनीत घुसते. मेंढ्यांच्या कातड्यात घुसते ते हेच. धनगराले विचार.”

म्हणजे तर्री जितकी चाटत होती तितकं ते, निदान सुरुवातीला, आत शिरायला मदतच होत असणार. आणि गवताची काडी एक्सरेत दिसत नाही. हाड दिसतं, लोखंड दिसतं, काडी नाही. अर्धा किलो बर्फी आठवली.

मॅडमनी तीन रस्ते सांगितले होते. पहिला, पाच-सहा दिवस सगळी अँटिबायोटिक्स बंद करून आतला पू कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायला, पाठवायचा, नेमकं औषध शोधून ते दीर्घ काळ द्यायचं. सूज जाईल, काडी आत राहील. दुसरा, भूल देऊन तो बोगदा पूर्ण उघडायचा, खराब भाग काढायचा, काडी शोधायची. “सापडेलच असं मी सांगणार नाही,” हे त्या दोनदा म्हणाल्या. तिसरा, आत गेल्यावर सांधा किंवा हाड सडलेलं निघालं तर ते बोट काढायचं. कुत्रा प्रत्येक पायाच्या चार बोटांवर उभा राहतो आणि भार जास्त येतो तो मधल्या दोनांवर. कडेचं बोट गेलं तर कुत्र्याला फारसं कळतही नाही. मधलं गेलं तर कळतं, पण चालतो.

घरी ‘बोट’ शब्द उच्चारला आणि आई स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळाने तिथूनच आवाज आला, “काहून कापाकापी करता त्या मुक्या जिवाची? औषधाने बरं होऊन राहिलं नं दर वेळी!”

खोटं नव्हतं. दर वेळी बरं होत होतं. सगळी गोम तिथेच होती. चार वेळा बरं झालेलं दुखणं हे चार वेळा परत आलेलं दुखणं असतं, पण ‘बरं झालं’ हे आपण ज्या दिवशी म्हणतो त्या दिवशी दुसरी बाजू दिसत नाही. दादाने पुण्याहून फोनवर अक्कल पाजळली की कुत्र्याच्या पायावर इतका खर्च कुणी करतं का. मी म्हटलं, तू बुलेटच्या सायलेन्सरवर किती केलास ते सांग. विषय संपला.

बाबा त्या रात्री आरशात तळवे पाहत होते. मान वर न करता म्हणाले, “काढायचं तर काढा बोट. मी चालून राहिलो नं?” आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आईला भीती वेगळीच होती. बाबांच्या वेळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी हॉस्पिटलच्या, वऱ्हांड्यात तिने सतरा दिवस काढले होते, शेजारच्या खाटेवर एकाचं आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय गेलेला पाहिला होता. पुढच्या भेटीत मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आईंनाच घेऊन या. आणि आईला त्यांनी नीट समजावलं की मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी होऊ शकतात म्हणून जखम वर चढते, हिच्या पायात रक्त व्यवस्थित आहे, हिला दुखतंय हीच चांगली खूण आहे. आई काही बोलली नाही, पण रिक्षात तर्रीला मांडीवर घेऊन बसली.

ठरलं म्हणेपर्यंत रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात, हिच्या ७८ हजार. गोचिडांचा ताप, एर्लिकिया. नागपुरात कुत्रा पाळणाऱ्याला हा शब्द कधी ना कधी भेटतोच. अशा रक्तावर चाकू लावायचा म्हणजे रक्त थांबायचं नाही. ऑपरेशन पुढे, आधी २८ दिवस डॉक्सीसायक्लिन, जेवणासोबतच, रिकाम्या पोटी नाही.

आता गंमत बघा. डॉक्सीसायक्लिन हेही अँटिबायोटिकच. दहाव्या दिवशी पायाचं तोंड बंद झालं. विसाव्या दिवशी तिथे केस यायला लागले. तर्री एप्रिलच्या उन्हात मांजरीमागे धावली. आईचा चेहरा ‘मी म्हणत नव्हते’ असा. आणि खरं सांगते, मीही डळमळले. चांगला पाय कापायला न्यायचा? मी मॅडमना फोन करून सांगितलं की आपण जरा थांबू या. त्या रागावल्या नाहीत. “गोळ्या संपू द्या. त्यानंतर तीन आठवडे पाहा. नाही आलं तर मी स्वतः म्हणेन नको.”

गोळ्या संपल्यावर नवव्या दिवशी पहाटे बाबांनी मला उठवलं. तर्री गच्चीच्या दाराशी उजवा पाय उचलून उभी होती.

या टप्प्यावर मला अजून एक मत हवं होतं. मॅडमवर अविश्वास म्हणून नाही, सही माझी लागणार होती म्हणून. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. १९५८ पासूनची ही संस्था आहे, आणि आम्ही नागपूरकर तिथून रोज जाऊन-येऊन आत काय चालतं ते विसरतो. ओळीत माझ्या पुढे एक पाय मोडलेली शेळी, तिच्या पुढे रडवेल्या मुलाच्या हातात लॅब्राडोर. तर्रीने शेळीशी मैत्री केली. टेबलाभोवती विद्यार्थी जमले, सरांनी त्यांनाच विचारलं, एकाच जागी पाचपेक्षा जास्त वेळा, औषधाने जातं, परत येतं, काय समजाल? एक मुलगी म्हणाली, “फॉरेन बॉडी, सर.” म्हणजे आत अडकलेली बाहेरची वस्तू. मला एकदम हलकं वाटलं. सोनोग्राफीत पंजाच्या आत काळा पट्टा दिसला आणि त्यात एक बारीक पांढरी रेघ. जवळपास सेंटिमीटरभर.

आता प्रश्न फक्त केव्हाचा. मेचा पहिला आठवडा होता, पारा ४४ वर. मला वाटायचं उन्हाळ्यात जखम चिघळते. मॅडम म्हणाल्या, उलट. जूनमध्ये पाऊस लागला की पट्टी ओली, चिखल, माश्या, अळ्या. मेमध्ये तर्रीला तसंही रस्त्यावर जायचं नाही, डांबराने पाय भाजतात, ती कूलरसमोर पडून असते. हवा तितका आराम आत्ताच मिळेल. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी टाके निघतील. प्लेटलेट पुन्हा तपासल्या, दोन लाख दहा हजार. तारीख ठरली १० मे.

आदल्या रात्री दहानंतर खाणं बंद, पहाटे पाचनंतर पाणी बंद. साडेसातला आम्ही दवाखान्यात. संमतीपत्रावर भुलेत जीव जाण्याची शक्यता लिहिलेली असते, ती सगळेच न वाचता सही करतात. मी वाचली. मग मॅडमनी विचारलं, “आत बोट वाचवण्यासारखं नाही असं दिसलं तर बाहेर येऊन तुम्हाला विचारू, की आत्ताच सांगता?”

महिनाभर घोळ घातला होता, पण हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. बाहेर येऊन विचारलं तर तितका वेळ ती भुलेत. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे. आई म्हणाली, “तुम्हाले तेव्हा जे बरं वाटंल ते करा. विचारू नका.” मी ते तसंच कागदावर लिहिलं आणि खाली सही केली.

बाहेर कडुलिंबाखाली बाक होता. बाबांनी समोरच्या टपरीवरून तर्री-पोहे आणले आणि मग आमच्या तिघांच्याही लक्षात आलं की आपण काय खातोय. कुणी हसलं नाही. एक तास दहा मिनिटं.

मॅडम हातात एक छोटी प्लास्टिकची डबी घेऊन आल्या. आत दोन तुकडे. एक सव्वा सेंटिमीटरचा, काळपट, पण टोक अजून तीक्ष्ण. दुसरा तांदळाच्या कणीएवढा. बोट राहिलं होतं. सांध्यापासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर ते थांबलं होतं. “तिसरा तुकडा नाहीच असं मी लिहून देणार नाही,” त्या म्हणाल्या. काढलेला मांसाचा भाग तपासणीला गेला. कुत्र्यांच्या बोटांत कधी कधी कॅन्सरही असाच लपलेला निघतो, म्हणून. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, तसलं काही नाही. तपासण्या, सोनोग्राफी, ऑपरेशन, पट्ट्या धरून खर्च २० हजारांच्या थोडा वर गेला. दादाने न सांगता निम्मे पाठवले.

नंतरचे चौदा दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरला बाबा चाडं म्हणत, तिफणीवर बी पेरायचं नरसाळं असतं तसं. ते चाडं कूलरच्या जाळीवर घासून ती घरभर खर्रर्र आवाज करत फिरायची. दिवसाआड पट्टी, सकाळी आठच्या आत, कारण त्यानंतर रिक्षाची सीट तापते. अंगणात न्यायचं तर पट्टीवर सलाईनची रिकामी पिशवी कापून बुटासारखी बांधायची, ही युक्ती कंपाउंडर भाऊंची. परत आलं की लगेच काढायची, नाहीतर आत घाम. पाचव्या रात्री चाडं निसटलं आणि तिने एक टाका चाटून काढला. मी रात्री दोनला मॅडमना फोटो पाठवला. सकाळी उत्तर आलं, एकाने बिघडत नाही, दुसऱ्याने बिघडेल. त्यानंतर आई तिच्याजवळ चटई टाकून झोपायला लागली.

ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा सूज आली. माझे हातपाय गळाले. पण ती डाव्या पायाला होती, पावसाच्या ओलीने, कोरडं ठेवून आठवड्यात गेली. उजवा पाय तसाच आहे. फटीत बोटभर पांढरी रेघ, तिथे केस आले नाहीत. गार पडलं की पहिली पाच-दहा पावलं ती तो पाय जरा जपून टाकते.

आता पुन्हा नोव्हेंबर आहे. प्लॉटवरचं गवत वाळलं आहे, आणि बाबांनी फिरण्याचा रस्ता बदलून डांबरी केला आहे. तरीही रात्री आरसा जमिनीवर आला की तर्री येऊन शेजारी आडवी होते. आधी बाबांचे दोन, मग तिचे चार. मी टॉर्च धरते, आई फटी उघडून पाहते. परवा मागच्या डाव्या पायात केसांना अडकलेलं एक निघालं, अजून टोचलं नव्हतं. आईने चिमट्याने ओढलं आणि विचारलं, पाण्याची वाटी आणू का, खेळ पाहायचा का.

बाबा म्हणाले, “नको. गॅसवर धर.”